स्कॅन कुठून कुठपर्यंत? आतड्याच्या कॅन्सरचा आडवाटेचा फैलाव शोधताना

मी सीटी-एमआरआय विभागात टेक्निशियन आहे. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांचं. पण पेशंट टेबलावर झोपण्याआधी आणि उठल्यावर त्याच्याशी बोलायला मीच असतो. घरची माणसं बाहेरच्या बाकावरून उठून येतात आणि बहुतेक एकच विचारतात, "सगळं अंग स्कॅन झालं ना?" झालेलं नसतं. त्या प्रश्नासाठीच हे लिहितोय. घरात कुणाला नुकतंच मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं असेल, किंवा ऑपरेशन होऊन गेलंय पण आता रक्तातला सीईए (या कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात तो आकडा) पुन्हा चढायला लागलाय, तर पुढचं वाचा.

आधी नेहमीची वाट

मोठ्या आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल शिरेतून ते आधी यकृतात जातं. त्यामुळे कॅन्सरच्या सुटलेल्या पेशींचा पहिला मुक्काम बहुधा यकृतात पडतो, नंतर फुप्फुसात. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातल्या शिरा मात्र यकृताला वळसा घालून मोठ्या शिरेला मिळतात. म्हणून तिथला आजार कधीकधी यकृत कोरं ठेवून फुप्फुसात दिसतो. तिसरी ओळखीची जागा म्हणजे पोटाचं आतलं अस्तर, पेरिटोनियम. सुरुवातीला सांगितला जातो तो छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून आयोडिनचं औषध देऊन केलेला सीटी, याच जागा डोळ्यापुढे ठेवून.

आडवाटा, म्हणजे आजार क्वचित पसरतो त्या जागा, वेगळ्या. बायकांत बीजांडकोश; ही जागा इतर आडवाटांच्या मानाने बरीच ओळखीची आहे, कधी तर तिथलीच गाठ आधी सापडते आणि आतड्यातला मूळ आजार नंतर. मग मणके, माकडहाड, कमरेची हाडं. मणक्यांभोवती झडपा नसलेल्या शिरांचं जाळं असतं, ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये त्याचं वर्णन केलं. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की त्या जाळ्यात रक्त उलटंही वाहू शकतं आणि पेशी यकृत-फुप्फुसाला न विचारता मणक्यात पोचतात. मेंदू, ॲड्रिनल (मूत्रपिंडावरची ग्रंथी), प्लीहा, थायरॉइड, डाव्या हसळीवरची लसिकागाठ, बेंबी, ऑपरेशनच्या व्रणाची कातडी, एखादा स्नायू, हे सगळं त्याहून विरळ. यातलं बरंचसं एकटं येत नाही, यकृत किंवा फुप्फुसातल्या आजाराबरोबरच येतं. तरी एकटं येतंच नाही असं नाही, आणि पंचाईत होते ती तिथेच.

पायरी पहिली: चिठ्ठी भरताना तोंड उघडा

यंत्र कितीही महाग असो, चिठ्ठीत लिहिलेल्या भागापलीकडे ते जात नाही. छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी मानेच्या मुळाशी सुरू होतो आणि मांडीच्या सांध्याशी संपतो. डोकं त्यात नाही, हात नाहीत, गुडघे नाहीत. पेट-सीटीला (किरणोत्सर्गी औषध टोचून करतात तो स्कॅन) लोक 'फुल बॉडी' म्हणतात, पण तोसुद्धा साधारणपणे कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच असतो. नडगीचं हाड रात्री ठणकत असेल आणि ते कुणाला सांगितलंच नसेल, तर 'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊनही नडगीबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

म्हणून ओपीडीत जाण्याआधी घरीच कागदावर लिहून ठेवा. कुठे दुखतं, कधीपासून, रात्री झोपेतून उठवतं का. कातडीवर किंवा कातडीखाली नवी गाठ आहे का. सकाळी डोकं दुखून उलटी होते का, चालताना तोल जातो का, फिट आली होती का. पाय जड पडतात का. हे पेशंटला एकट्याला विचारू नका. आपली माणसं डॉक्टरपुढे "बरं आहे" म्हणून मोकळी होतात. काय चाललंय ते घरात भांडी घासणारीला आणि रात्री शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असतं.

मागे एक मावशी गाऊन घालून आल्या आणि टेबलावर चढता चढता सहज बोलल्या, "बेंबीत काहीतरी कठीण लागतं रे बाबा, साडीची गाठ घासते तिथे." चिठ्ठीवर फक्त 'कोलनचं ऑपरेशन झालेलं, फॉलोअप' एवढंच होतं. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बाहेर येऊन बोट लावून पाहिलं. हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, दगडासारखी, दाबून आत न जाणारी गाठ होती आणि वरची कातडी तांबूस झाली होती. असलं काही सीटीत घाईने बघितलं तर लहानसा हर्निया म्हणून सुटून जाऊ शकतं. इथे सुई घालून नमुना घेतला आणि त्यात आतड्याचाच कॅन्सर निघाला.

या गाठीला सिस्टर मेरी जोसेफ यांचं नाव आहे. अमेरिकेत रोचेस्टरला विल्यम मेयो यांच्या हाताखाली त्या नर्स होत्या. ऑपरेशनआधी पोटाची कातडी साफ करताना त्यांच्या लक्षात आलं की बेंबीत अशी गाठ असलेल्या पेशंटांच्या पोटात कॅन्सर पसरलेला असतो. हॅमिल्टन बेली यांनी १९४९ मध्ये गाठीला त्यांचं नाव दिलं. आमच्यासारख्या बिनडिग्रीच्या डोळ्यांनाही कधी काही दिसतं, याचा मला उगीच थोडा अभिमान वाटतो.

पायरी दुसरी: कुठला स्कॅन कशासाठी

हे तुम्ही ठरवायचं नाही, पण एकामागून एक तपासण्या का सांगतात ते कळलं तर चिडचिड कमी होते.

कॉन्ट्रास्ट सीटी हा पाया. यकृत, फुप्फुस, लसिकागाठी, ॲड्रिनल, बीजांडकोश एका दमात दिसतात. त्याची अडचण म्हणजे बारीक गोष्टी. यकृतात एक सेंटिमीटरच्या आतला डाग असेल तर तो साधी पाण्याची गाठ आहे की कॅन्सर, हे सीटी अनेकदा सांगू शकत नाही. मग यकृताचा एमआरआय. पेरिटोनियमवरचे मोहरीएवढे दाणे तर सीटीतून आणि पेटमधूनही निसटतात. त्यासाठी कधी एमआरआयचा डिफ्यूजन भाग उपयोगी पडतो, कधी शेवटी दुर्बिणीनेच पोटात बघावं लागतं.

गुदाशयाच्या कॅन्सरला ओटीपोटाचा एमआरआय वेगळा लागतो, तो आजूबाजूचा पसारा मोजायला. मेंदूसाठी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय, मणक्यांसाठीही एमआरआय. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. पेट स्कॅनमध्ये मेंदूतला आजार नीट कळत नाही. पेटमध्ये देतात ते एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर. मेंदू मुळातच भरपूर साखर खातो, त्यामुळे तो सगळाच उजळून निघतो आणि त्या उजेडात लहान गाठ लपते. "पेट केलाय ना, मग डोक्याचा एमआरआय कशाला?" याचं उत्तर हे.

मग पेट कधी? सीईए चढतोय आणि सीटीत काही सापडत नाही तेव्हा. किंवा यकृतातली गाठ कापून काढायचं ठरलंय आणि त्याआधी दुसरीकडे कुठे काही नाही ना याची खात्री करायची असते तेव्हा. हाड, स्नायू, थायरॉइड, हसळीवरची गाठ असल्या अनपेक्षित जागा बऱ्याचदा पेटनेच उघड होतात. सीईए बहुतेक प्रयोगशाळांत ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत सामान्य धरतात, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो तसाही थोडा वर असतो, आणि काही कॅन्सरांत तो वाढतच नाही. आपल्या पेशंटचा ऑपरेशनआधी किती होता, तो आकडा जपून ठेवा. पुढचे आकडे त्याच्याशी ताडून बघायचे असतात.

पेटचेही दोष आहेत. म्युसिनस जातीचा, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव बनवणारा कॅन्सर एफडीजी कमी ओढतो आणि फिका दिसतो. उलट टीबी, ताजी जखम, साधी सूज हे सगळं लख्ख उजळतं. आपल्याकडे टीबी आहेच, त्यामुळे छातीतली उजळलेली गाठ बघून लगेच हातपाय गाळू नका.

पायरी तिसरी: तयारी

गोव्यात बहुतेकांची फेरी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) होते. म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातून तिकडेच पाठवतात. काही जण खासगीत जातात, काही मुंबईला टाटाला. कुठेही जा, तयारी तीच. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर सोबत घ्या आणि ही तपासणी त्यात बसते का ते योजनेच्या खिडकीवर आधीच विचारा. सावंतवाडी-दोडामार्गकडून, म्हणजे गोव्याबाहेरून, येणाऱ्यांनी शुल्काची चौकशी आधी केलेली बरी.

कॉन्ट्रास्ट सीटीच्या आधी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतो, कारण औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, डायलिसिस चालू असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर आधी सांगा. आणि आपल्याकडचा खास प्रश्न: "सुंगटां खाल्ली की अंगावर पित्त उठतं, मग आयोडिनचं इंजेक्शन चालेल का?" कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडिनची नाही. तेवढ्यासाठी स्कॅन रद्द करायचं कारण नाही. पण याआधी कॉन्ट्रास्टच्याच इंजेक्शनाने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, किंवा दमा असेल, तर ते ठळकपणे सांगा.

एमआरआयला धातूची भानगड. मंगळसूत्र, हेअरपिना, श्रवणयंत्र काढून ठेवायचं. पेसमेकर असेल तर तारीख ठरवतानाच सांगायचं, दारात आल्यावर नाही. स्टेंट किंवा सांध्याचं रोपण असेल तर त्याचं कार्ड आणा. वास्कोच्या गोदीत किंवा खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग, ग्राइंडिंग केलेल्यांना मी नेहमी विचारतो, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. "हां, वीस वर्षांपूर्वी" असं उत्तर आलं तरी आधी डोळ्यांची तपासणी. चुंबकात तो कण हलला तर डोळ्याला इजा होऊ शकते.

पेट सर्वांत नखरेल. निदान चार ते सहा तास उपाशी. सकाळची पेज नाही, पोदेराचा पाव नाही, साखरेचा चहा नाही, च्युइंगमसुद्धा नाही. साधं पाणी भरपूर प्या. आदल्या दिवशी जड काम, चढण, व्यायाम टाळा, नाहीतर औषध स्नायूंतच जाऊन बसतं. मधुमेह्यांची साखर २०० च्या वर असेल तर बरीच केंद्रं परत पाठवतात; पण साखर उतरवायला येण्याआधी इन्सुलिन टोचून घेतलंत तर तेही औषधाला स्नायूंकडे ढकलतं. मेटफॉर्मिनने आतडंच उजळतं, म्हणून डॉक्टर ते दोन दिवस आधी थांबवायला सांगू शकतात. तुमच्या मनाने थांबवू नका.

एफडीजी दर ११० मिनिटांनी अर्धं होतं. तुमच्या नावाचा डोस तुमची वाट बघत थांबत नाही. झुआरीच्या पुलावर गाडी अडकली, हे खरं असलं तरी त्याचा उपयोग नसतो. लवकर निघा.

केमो, रेडिएशन, ऑपरेशन, नुकतीच घेतलेली लस, या सगळ्यांच्या तारखा चिठ्ठीवर हव्यात. विशेषतः केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते सांगाच. त्याने हाडांतला सगळा मगज उजळतो. हाडांत आजार पसरलाय असा भास होतो, किंवा खरा आजार त्या उजेडात बुडतो.

पायरी चौथी: त्या दिवशी काय होतं

सीटीत प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा. हातात सुई लावतो, यंत्राने औषध ढकलतो, आणि ते यकृतात नीट भरेपर्यंत साधारण सत्तर सेकंद थांबून चित्र घेतो. अंगातून गरम लाट जाते, तोंडात धातूची चव येते, बसल्या जागी लघवी झाली असं वाटतं. झालेली नसते. श्वास धरा म्हटलं की धरा. हललात तर यकृताच्या वरच्या कडेचं चित्र पुसट येतं आणि लहान डाग नेमका तिथेच असायचा. सुईच्या जागी टचटच दुखून फुगायला लागलं तर गप्प राहू नका, ओरडा.

पेटमध्ये इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं. गप्पा नाहीत, मोबाइल नाही. खोली गार असते आणि थंडीने कुडकुडलं तर मानेजवळची चरबी उजळून गोंधळ घालते, म्हणून शाल आणा, मे महिना असला तरी. त्या दिवशी काही तास गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांपासून जरा लांब राहा. पोटावर स्टोमाची (शौचासाठी पोटावर काढलेल्या वाटेची) पिशवी असेल तर एक जास्तीची पिशवी सोबत हवी. आमच्याकडे ती नसते.

पायरी पाचवी: रिपोर्ट हातात आल्यावर

सगळे शेवटचा 'इम्प्रेशन' परिच्छेद वाचतात. मी म्हणेन, आधी 'टेक्निक' वाचा. कुठून कुठपर्यंत स्कॅन झालाय ते तिथे असतं. मग 'कंपॅरिझन': जुना स्कॅन डॉक्टरांच्या समोर होता का? 'जुने स्कॅन उपलब्ध नाहीत' असं लिहिलेलं असेल आणि सीडी तुमच्या कपाटात पडून असेल, तर ती नेऊन द्या आणि तुलना मागा. फुप्फुसातला चार मिलिमीटरचा ठिपका दोन वर्षांपूर्वीही तेवढाच होता, एवढ्या एका गोष्टीने सगळं चित्र बदलतं.

'इंडिटर्मिनेट' म्हणजे आज ठरवता येत नाही. तो कॅन्सरचा सौम्य शब्द नाही. बहुधा काही आठवडे-महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून वाढतंय का ते बघतात. 'लिटिक' म्हणजे हाड पोखरलेलं, 'ओमेंटल थिकनिंग' म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याला जाडी आलेली, 'असायटिस' म्हणजे पोटात पाणी. 'एसयूव्ही' हा उजळण्याचा आकडा. दोन वेगळ्या केंद्रांतले आकडे लावून आजार दुप्पट झाला असा हिशेब घरी करू नका. साखर, वजन, इंजेक्शननंतरचा वेळ, यंत्र, सगळ्याने तो बदलतो.

अनपेक्षित जागी काही दिसलं तर सुईचा नमुना हा पुढचा प्रश्न. थायरॉइडमध्ये एकच ठिपका उजळला तर तो आतड्याकडून आलेला असण्यापेक्षा थायरॉइडचाच स्वतःचा आजार असण्याची शक्यता जास्त. बीजांडकोशातली गाठ तिथलीच आहे की आतड्याकडून आलेली, यावर तर उपचारच बदलतात. पॅथॉलॉजीत सीके२० आणि सीडीएक्स२ अशा रंगचाचण्या करून पेशींचं मूळ गाव शोधतात. त्यासाठी पहिल्या ऑपरेशनचे ब्लॉक (मेणात जपलेले नमुन्याचे तुकडे) आणि स्लाइड जिथे ठेवल्या असतील तिथून अर्ज करून मागवून घ्या, याला वेळ लागतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुईच्या आधी सांगा.

थांबायचं नाही अशा वेळा

पाठदुखीबरोबर पायांतलं बळ जातंय, कमरेखाली बधिर वाटतंय, लघवी तुंबली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करा, कॅज्युअल्टीत जा आणि 'आतड्याचा कॅन्सर आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असेल तर तास मोजून उपचार करावे लागतात. पहिली फिट, अचानक बोबडं बोलणं, थांबत नाही अशी डोकेदुखी आणि उलटी, यांनाही हेच लागू.

फाइल आणि पुढच्या फेऱ्या

ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, आणि सीटी साधारण सहा ते बारा महिन्यांनी, असा प्रघात आहे. तुमच्या पेशंटचं वेळापत्रक त्याच्या टप्प्यावरून डॉक्टर ठरवतील. शक्यतो सगळे स्कॅन एकाच ठिकाणी करा. प्रत्येक वेळी रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या आणि त्याच दिवशी ती पेन ड्राइव्हवर उतरवा, कारण आपल्या पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सीडीला बुरशी धरते. रिपोर्टांना लॅमिनेशन करू नका, त्यावर डॉक्टरांना काही लिहिता येत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळी ठेवा: ऑपरेशनची तारीख, बायोप्सीचा प्रकार (म्युसिनस असेल तर ठळक), सीईएचे आकडे तारखांसह, आणि शेवटचा स्कॅन कुठून कुठपर्यंत झाला होता. त्याच्याखाली पेन्सिलने या खेपेचं नवं दुखणं, नवी गाठ, जे असेल ते. खिडकीवर ते पान सगळ्यात वर ठेवून द्या.